मे महिन्यातला बर्फ

उत्तरेत कुठेही 'आम्ही अंबरनाथचे' असं सांगितलं की समोरचा हमखास 'अमरनाथ' ऐकतो. धर्मशाळेच्या वहीत, हॉटेलच्या रजिस्टरात माझं गाव तसं लिहिलेलं मी कितीदा तरी पाहिलं आहे. पुढचा प्रश्नही ठरलेला असतो : तुमच्याकडे बर्फ फार पडत असेल ना? आमच्याकडे पडतो तो पाऊस, आणि तोही असा की जुलैत मलंगगड आठ-आठ दिवस दिसत नाही. वालधुनीच्या काठच्या आमच्या शिवमंदिरातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा आहे. शिलाहारांच्या काळातल्या त्या काळ्या दगडाने तेव्हापासून आजवर बर्फाचा कण पाहिलेला नाही.

त्या दुसऱ्या नाथाच्या वाटेवर १९९६ च्या ऑगस्टमध्ये अवेळी पाऊस आणि बर्फ एकदम आला आणि सुमारे २४० यात्रेकरू थंडीने, दमछाकीने गेले. सरकारने नेमलेल्या नितीश सेनगुप्ता समितीने पुढे यात्रेकरूंच्या संख्येवर आणि वयावर मर्यादा सुचवल्या. त्या घटनेत मला सगळ्यात बोलका वाटतो तो महिना. ऑगस्टमध्ये बर्फ असेल ही कल्पनाच बहुतेकांच्या मनात नव्हती, आणि अंगावरचे कपडेही त्या कल्पनेनुसारच होते.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात आहे. ज्यांच्या मुलखात बर्फ पडत नाही अशा आपल्या लोकांना बर्फ दाखवला कोणी, आणि वर्षाच्या कुठल्या महिन्यात? पस्तीसेक वर्षं डोंगरात फिरताना आणि त्याबद्दल मिळेल ते वाचताना त्याचं जे उत्तर हाती आलं, ते या लेखात मांडतो. आपली बर्फाशी ओळख उन्हाळी सुट्टीत झाली. ती ओळख आता आपण दिवाळीत आणि नाताळात वापरू लागलो आहोत, आणि तिथे ती अपुरी पडते.

आधी शब्दांकडे पाहू. 'बर्फ' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. फारसीत 'बर्फ' म्हणजे आभाळातून पडणारं हिम. गोठून घट्ट झालेल्या पाण्याला तिथे 'यख' हा वेगळा शब्द आहे. 'यख' काही मराठीपर्यंत पोहोचला नाही. 'बर्फ' पोहोचला, पण तो इथे येऊन नेमका 'यख'चा अर्थ घेऊन बसला. कारण उघड आहे. १८३३ साली अमेरिकेतल्या बॉस्टनहून जहाजाने कलकत्त्याला बर्फ आला आणि त्यानंतर तो मुंबईलाही येऊ लागला. पुढे कारखाने निघाले. मराठी माणसाचा बर्फ म्हणजे भुशात गुंडाळलेली लादी, गोळेवाल्याचा रंधा, मासळीच्या पाटीतला चुरा. कठीण, जड, जागच्या जागी राहणारा पदार्थ. आभाळातून पडलेला, वाऱ्याने हललेला, थराथरांनी साठलेला आणि रोज आतून बदलणारा पदार्थ आपल्या शब्दात बसतच नाही.

संस्कृताने हिम, तुहिन, तुषार, नीहार असे शब्द दिले होते. त्यातल्या 'तुषार'ची आपण कारंज्यावर आणि उसाच्या शेतातल्या सिंचनावर नेमणूक केली. हिमपात म्हणजे बर्फ पडणं, हिमस्खलन म्हणजे साठलेला बर्फ उतारावरून सुटणं, हिमनदी म्हणजे वर्षानुवर्षं साठून संथ सरकणारा बर्फ, ही विभागणी पाठ्यपुस्तकात आहे. बातमीत ती टिकत नाही. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी चमोलीत ऋषिगंगेला लोंढा आला तेव्हा आपल्याकडच्या मथळ्यांत 'हिमकडा कोसळला' होतं, हिंदीत 'ग्लेशियर टूटा' होतं. नंतरच्या अभ्यासात दिसलं की रोंती शिखराचा सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटर खडक आणि बर्फ एकत्र सुटून खाली आला होता. दोनशेहून अधिक माणसं गेली. लाहौल-गढवालमधले लोकही हिमस्खलनाला सरसकट 'ग्लेशियर आया' म्हणतात, पण त्यांच्या तोंडी तो शब्द सैल असला तरी कुठल्या नाल्यात, कुठल्या महिन्यात, किती बर्फ पडल्यावर तो 'येतो' हे त्यांना ठाऊक असतं. आपल्याकडे ना शब्द, ना ती माहिती.

उलट सह्याद्रीची आपली शब्दसंपत्ती पाहा : घसारा, मुरूम, कातळ, कपार, घळ, नाळ, सोंड, धार, दरड. यातला प्रत्येक शब्द पाय कुठे ठेवायचा आणि कुठे नाही हे सांगतो.

बर्फाशी सर्वांत जुना मराठी संबंध यात्रेकरूंचा, आणि त्यांच्यापाशी पंचांग होतं. केदारनाथाची दारं भाऊबीजेला बंद होतात आणि उत्सवमूर्ती खाली उखीमठला येते. दारं उघडण्याचा दिवस महाशिवरात्रीला ठरतो, आणि तो साधारण अक्षय्य तृतीयेच्या आसपासचा असतो. गंगोत्रीचं मंदिर पाडव्याच्या सुमारास, अन्नकूटाला बंद होतं. धार्मिक अर्थ बाजूला ठेवला तर हे बर्फाचं वेळापत्रक आहे. ज्या सहा महिन्यांत नवा बर्फ साठतो, थर अस्थिर असतात, ते सहा महिने माणसाने वर जायचंच नाही. काका कालेलकर १९१२ च्या सुमारास स्वामी आनंद आणि अनंतबुवा यांच्यासह हिमालयात पायी फिरले. त्यावर त्यांनी गुजरातीत लिहिलेलं पुस्तक पुढे मराठीतही वाचलं गेलं. त्या पिढीचा प्रवास या पंचांगाच्या आतला होता. त्यामुळे त्यांना हिमस्खलनाचं शास्त्र ठाऊक असण्याची गरजच पडली नाही. नियम पाळला की पुरे होतं.

गिर्यारोहकांनी हा नियम मोडला, आणि मोडायलाच हवा होता, त्याशिवाय शिखरं कशी होणार? पण त्याची पहिली किंमत त्यांनी स्वतः दिली नाही. ७ जून १९२२ रोजी एव्हरेस्टच्या उत्तर खिंडीच्या उतारावर जॉर्ज मॅलरी आणि सहकारी चढत होते. आदल्या दिवसांत ताजा बर्फ भरपूर पडला होता. त्यांनी उताराची पारख केली, बर्फ घट्ट बसला आहे असं त्यांना वाटलं. उतार सुटला. सात भारवाहक गेले. गोरा एकही नाही. प्रत्यक्ष एव्हरेस्टच्या चढाईत नोंदले गेलेले हे पहिले मृत्यू. शहात्तर वर्षांनी, १९९८ मध्ये, हृषीकेश यादव यांच्या नेतृत्वाखालची मोहीम तिबेटच्या बाजूने याच उत्तर खिंडीतून वर गेली आणि १८ मे रोजी पुण्याचे सुरेंद्र चव्हाण माथ्यावर पोहोचले. एव्हरेस्ट चढलेले ते पहिले मराठी गिर्यारोहक. चव्हाणांच्या यशाबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलं, त्या उताराच्या इतिहासाबद्दल फारसं नाही.

१९२२ आणि १९९८ च्या मधल्या काळात मराठी गिर्यारोहण उभं राहिलं. १९५३ ची एव्हरेस्टची चढाई झाली, १९५४ मध्ये दार्जिलिंगची प्रशिक्षण संस्था निघाली, त्याच वर्षी मुंबईत 'गिरिविहार' सुरू झाली. मनालीची संस्था १९६१ ची, उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ ची. कल्याणला पंजाब मेलमध्ये चढून तिथे अठ्ठावीस दिवसांच्या कोर्सला जाणं हा आमच्या भागातल्या दोन पिढ्यांतल्या कितीतरी मुलामुलींचा पहिला मोठा प्रवास होता. तिथे बर्फकुऱ्हाड धरायला, दोराने बांधून चालायला, घसरल्यावर थांबायला शिकवलं गेलं. बर्फ कसा फसवतो हे काहींनी स्वतःच्या शरीराने शिकून घेतलं. मुंबईचे हरीश कपाडिया १९७४ मध्ये नंदादेवी अभयारण्यातल्या देवतोळीवरून उतरताना बर्फाच्या पातळ पुलाखाली लपलेल्या भेगेत कोसळले. कंबरेचा सांधा निखळलेल्या अवस्थेत त्यांना तेरा दिवस उचलून तळछावणीपर्यंत आणलं गेलं. पुढे ते पुन्हा चढू लागले आणि 'ट्रेक द सह्याद्रीज'सारखं मार्गदर्शकही त्यांनीच लिहिलं, ज्याच्या जीर्ण प्रती अजून आमच्याकडच्या घराघरांत आहेत.

हिमस्खलनाचा शास्त्रीय अभ्यास मात्र गिर्यारोहकांच्या हौसेतून वाढला नाही. तो वाढला सैन्य, रस्ते आणि बर्फावर घसरत जाणाऱ्या युरोपीय पर्यटकांपायी. १३ डिसेंबर १९१६ रोजी पहिल्या महायुद्धात आल्प्समधल्या मार्मोलाडा पर्वतावर एका हिमस्खलनाखाली ऑस्ट्रियन सैन्याच्या बराकी गेल्या. अडीचशेहून जास्त सैनिक एका सकाळी. १९३६ च्या हिवाळ्यात स्वित्झर्लंडमध्ये दाव्होसच्या वरच्या डोंगरावर एका साध्या झोपडीत बर्फाचे थर कापून मोजायला सुरुवात झाली. तिची १९४२ मध्ये संस्था झाली. आपल्याकडे १९६९ मध्ये संरक्षण संशोधन संघटनेने मनालीत हिम आणि हिमस्खलन अभ्यास संस्था काढली. (याच संघटनेची नौदलाच्या साहित्यावर काम करणारी प्रयोगशाळा आमच्या अंबरनाथात आहे. दोन बहिणींपैकी एकीच्या वाट्याला समुद्र आला, दुसरीच्या वाट्याला बर्फ.) १९७९ च्या मार्चमध्ये लाहौलमध्ये एकामागून एक हिमस्खलनं होऊन दोनशेहून अधिक माणसं गेली, तेव्हा या कामाची गरज सैन्यापलीकडेही किती आहे ते दिसलं. ही संस्था २०२० मध्ये दुसऱ्या एका प्रयोगशाळेबरोबर एकत्र करून तिला नवं नाव देण्यात आलं. आज बर्फाळ जिल्ह्यांसाठी ती इशारे देते.

इथे थोडं थांबून, बर्फ सुटतो म्हणजे नेमकं काय होतं ते सांगायला हवं. सिनेमातल्यासारखं गोळा घरंगळत मोठा होणं हे खरं हिमस्खलन नव्हे, आणि मोठ्याने ओरडल्याने बर्फ कोसळतो ही तर निव्वळ दंतकथा आहे. तिरप्या करता येईल अशा पाटावर जाड रवा पसरावा, वर लोणावळ्याच्या चिक्कीची अखंड लादी ठेवावी आणि पाट हळूहळू उचलावा. काही काळ काहीच होत नाही. मग लादी एकदम, सगळीच्या सगळी निघते. डोंगरावरचा 'रवा' तयार होतो तो असा. हिवाळ्याच्या सुरुवातीला बर्फ पडतो तो थोडा. जमिनीलगत तो शून्य अंशाच्या आसपास असतो, वर रात्रीची हवा उणे पंधरा-वीस. या फरकामुळे खालची वाफ वर सरकते आणि खालच्या थरातले कण एकमेकांना न चिकटणारे, साखरेच्या दाण्यांसारखे मोठे होत जातात. त्यावर पुढचा बर्फ पडतो, वारा तो दाबून त्याची लादी करतो. वरून पाहणाऱ्याला सगळं पांढरं, शांत, सपाट दिसतं. उतार तीस ते पंचेचाळीस अंशांच्या दरम्यान असला की तयारी पूर्ण. लादीला एक धक्का हवा असतो. मौजेसाठी डोंगरात गेलेल्यांच्या अपघातांत दहातल्या नऊ वेळा तो धक्का त्या माणसाचा स्वतःचा किंवा त्याच्या सोबत्याचा असतो. पायाखाली 'भस्स' असा दबका आवाज येणं, बर्फावर पायापासून तडा धावत जाणं, शेजारच्या उतारावर ताजं सुटलेलं दिसणं, चोवीस तासांत फूटभर किंवा त्याहून जास्त बर्फ पडलेला असणं, हे सगळे मागे फिरण्याचे इशारे.

हे वाचताना सह्याद्रीतल्या माणसाला काही ओळखीचं वाटलं तर ते चूक नाही. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर आला आणि १५१ माणसं गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री, बदलापूर-कर्जतच्या पलीकडे इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी गाडली गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ता म्हणून शोध थांबवला गेला. वाडीपर्यंत गाडीरस्ता नसल्याने मदतीसाठी चढत गेलेल्यांत आसपासचे ट्रेकर होते. त्याच गडावर ते रविवारी जात आलेले. त्या दोन्ही ठिकाणी कातळावर मातीचा थर, त्यात मुरलेलं पाणी आणि उतार होता. थर, कमकुवत सांधा, वाढलेला भार. तत्त्व तेच. माळीण आणि इर्शाळवाडीनंतर आमच्या भागातले जाणते लोक पावसाळ्यात ओढ्याचं पाणी अचानक गढूळ झालं का, शेताला नवी भेग पडली का हे पाहू लागले. पण हीच नजर बर्फावर कशी लावायची, हे या माणसांना कोणी सांगितलेलं नाही.

सांगितलं नाही, कारण जो बर्फ त्यांना पहिल्यांदा दाखवला गेला त्यात त्याची फारशी गरज नव्हती. मी आमच्या भागातल्या भटक्या मंडळींच्या जुन्या वह्या चाळल्या आहेत. कुणी जाड रजिस्टरात, कुणी शाळेच्या दोनशेपानी वहीत हिमालयातल्या सहलींची टिपणं ठेवली होती. गावं बदलतात, माणसं बदलतात, तारखा बदलत नाहीत : परीक्षा संपली, एप्रिलचा शेवट, मे, फार तर जूनचा पहिला आठवडा. यूथ हॉस्टेलच्या हिमाचलातल्या मोहिमांनी मध्यमवर्गीय मराठी घरांना हिमालय परवडू दिला, आणि त्या मे महिन्यातल्या होत्या. तीस-चाळीस जणांची तुकडी, पाठोपाठ दुसरी, एका छावणीतून दुसऱ्या छावणीत. हजारो मराठी मुलांनी पहिला बर्फ तिथे हातात घेतला.

मे महिन्यातला बर्फ म्हणजे म्हातारा बर्फ. तो पाच-सहा महिने पडून राहिलेला, दिवसा वितळून रात्री गोठत-गोठत एकजीव झालेला असतो. साखरेचा थर बहुतेक ठिकाणी गेलेला असतो. सकाळी तो दगडासारखा कडक, दुपारी पाणावलेला. त्याचा धोका घड्याळावर चालतो : ऊन चढलं की ओला बर्फ सुटायला लागतो. म्हणूनच छावणीवरून रात्री दोन-तीनला उठवून, उजाडायच्या आत खिंड गाठायला लावत. आम्हा मुलांना वाटायचं हा शिस्तीचा भाग आहे. खिंडीपलीकडे बसून, पाय वर करून, शे-दोनशे फूट घसरत खाली जायचं. त्या घसरगुंडीचा फोटो आमच्या पिढीच्या प्रत्येक अल्बममध्ये आहे. अंगात उल्हासनगरच्या बाजारातली जीन्स असायची, आणि ती भिजली की संध्याकाळपर्यंत वाळत नसे. मे महिन्यात ते हसण्यावारी जायचं. जानेवारीत ओलं सुती कापड माणसाच्या अंगातली ऊब फार लवकर ओढून घेतं.

त्या घसरगुंडीने शिकवलं ते असं : बर्फाचा उतार म्हणजे मजा, चढताना थोडी भीती, उतरताना खेळ. तोच उतार जानेवारीत, नव्या बर्फानंतर, तसाच दिसतो. कदाचित जास्त सुंदर दिसतो.

गेल्या पंधरा-एक वर्षांत महिना बदलला. नोकऱ्या बदलल्या, उन्हाळी सुट्टीपेक्षा नाताळची जोडून आलेली रजा मोलाची झाली, आणि 'हिवाळी ट्रेक' हा प्रकार निघाला. केदारकांठा, ब्रह्मताल, कुआरी खिंड ही नावं आता बदलापूरच्या लोकलमध्येही ऐकू येतात. यातल्या केदारकांठ्याबद्दल सरळ लिहायला हवं : तिथली नेहमीची वाट बरीचशी जंगलातली आणि सौम्य उताराची आहे, शिखर ३,८१० मीटर, आणि हजारो लोक दर हिवाळ्यात सुखरूप जाऊन येतात. माझी काळजी त्या वाटेची नाही. ती वाट झाल्यावर 'हिवाळ्यातला बर्फ जमला' असं जे वाटतं आणि त्या जोरावर पुढच्या वर्षी जी खिंड निवडली जाते, त्याची आहे.

ऑक्टोबर तर आणखी फसवा. पाऊस संपलेला, आभाळ धुतलेलं, दिवाळीची सुट्टी तोंडावर. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकलं आणि दोन दिवसांत त्याचा उरलेला ओलावा नेपाळात अन्नपूर्णेच्या परिक्रमेवर बर्फ होऊन पडला. थोरोंग खिंडीच्या परिसरात हिमवादळ आणि हिमस्खलनांत चाळीसहून अधिक माणसं गेली, त्यांत भारतीयही होते. बंगालच्या उपसागरातलं वादळ आणि पाच हजार मीटरवरची खिंड यांचा संबंध लावायची सवय समुद्रकाठच्या आपल्या लोकांना तरी असायला हवी होती. १ ऑक्टोबर २०२१ रोजी त्रिशूलवर हिमस्खलनात नौदलाचे पाच जण आणि एक शेर्पा गेले. ती मोहीम मुंबईतून निघाली होती. त्याच महिन्यात हिमाचलात रोहडूकडून किन्नौरकडे जाणाऱ्या बुरान खिंडीत बहुतांश महाराष्ट्रातल्या तेरा जणांच्या तुकडीला जोरदार बर्फाने गाठलं. महाराष्ट्रातले तिघे ज्येष्ठ ट्रेकर थंडीने गेले. साठीच्या आसपासची, डोंगराची सवय असलेली माणसं. तिथे हिमस्खलन झालं नव्हतं. नुसता बर्फ पडला होता, न थांबता, आणि वाट बुजली होती.

पुढच्याच वर्षी, ४ ऑक्टोबर २०२२ रोजी, उत्तरकाशीच्या संस्थेची प्रगत कोर्सची तुकडी द्रौपदी का डांडाच्या वरच्या उतारावर असताना लादी सुटली. २९ जण गेले. त्यांत प्रशिक्षक सविता कंसवाल होती, जिने त्याच वर्षी मे महिन्यात एव्हरेस्ट आणि मकालू अवघ्या सोळा दिवसांच्या अंतराने केले होते. ज्या संस्थेत आपली मुलं शिकायला जातात, त्या संस्थेवरच ही वेळ आली हे वाचून आमच्या भागातल्या कित्येक घरांत शांतता पसरली होती. अनुभव कमी पडला असं म्हणायला इथे जागा नाही. लादीला वजन कळतं, अनुभव कळत नाही.

सह्याद्रीची सवय जिथे सरळ उलटी पडते अशी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती मला कुठल्याही मराठी मार्गदर्शकात दिसलेली नाही. आपण नाळेतून चढणारे लोक. धारेवर वारा लागतो, दोन्हीकडे दृष्टिभय, पाणी नाही. नाळेत सावली, पाणी, धरायला दगड. पिढ्यान् पिढ्या घाटावर जाणाऱ्या वाटा नाळेनेच गेल्या. बर्फाळ डोंगरात नाळ हाच हिमस्खलनाचा रस्ता असतो. वरच्या साऱ्या उताराचा बर्फ तिच्यात उतरतो, आणि लहानसं स्खलनही तिच्यात माणसावर दोन-तीन पुरुष बर्फ चढवतं. तिथे धार बरी. फक्त वाऱ्याने कडेला बाहेर झुकलेल्या बर्फाच्या छज्जावर पाय नको. दुसरी सवय मुक्कामाची. देवदाराच्या जंगलात मधेच उभा, झाडं नसलेला मोकळा पट्टा दिसला की आपल्याला तंबूची जागा दिसते. तिथे झाडं का नाहीत, हा प्रश्न आधी विचारायचा.

गाडल्या गेलेल्या माणसाचा हिशेब मिनिटांचा असतो. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्विस नोंदींनुसार पंधरा मिनिटांत बाहेर काढलेल्यांतले ९० टक्क्यांहून अधिक जगले. पस्तीस मिनिटांपर्यंत हे प्रमाण ३० टक्क्यांवर आलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचीनमध्ये सोनम चौकीवर हिमस्खलन होऊन दहा जवान गाडले गेले. लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले आणि ११ फेब्रुवारीला गेले; साऱ्या देशाने त्यांच्यासाठी प्रार्थना केली. त्या दहांत सातारा जिल्ह्यातला एक जवानही होता. सहा दिवसांची ती कहाणी इतकी विलक्षण होती की तिने आपल्या मनात वाट पाहण्याची आशा पेरली. साध्या ट्रेकरसाठी हेलिकॉप्टर पंधरा मिनिटांत येत नाही. त्याला वाचवू शकतात ते सोबतचेच, आणि तेही प्रत्येकाच्या अंगावर संकेत देणारं शोधयंत्र, पिशवीत टोचून पाहायची लांब कांडी आणि फावडं असेल तरच. हाताने तो बर्फ उकरता येत नाही. थांबल्यावर तो सिमेंटसारखा बसतो. मराठीत निघणाऱ्या हिवाळी ट्रेकच्या माहितीपत्रकांत सामानाची यादी असते. कानटोपी, तीन जोड मोजे, सनस्क्रीन, सुका मेवा असतो. या तीन वस्तू मला अजून एकाही पत्रकात आढळल्या नाहीत.

युरोपातल्या देशांनी १९९३ मध्ये धोक्याची पाच पायऱ्यांची एकच पट्टी मान्य केली. तिथे प्रत्येक दरीचा रोजचा आकडा सकाळी चहाबरोबर वाचला जातो, आणि बहुतेक मृत्यू सर्वांत वरच्या पायऱ्यांवर होत नाहीत, तिसऱ्यावर होतात. चौथ्या-पाचव्याला लोक घरीच बसतात. आपल्याकडचे इशारे जिल्ह्यावार येतात. उत्तरकाशी किंवा किन्नौर एवढ्या मोठ्या जिल्ह्याला मिळून एक इशारा, त्यावरून आपल्या खिंडीचा उतार कसा आहे हे कळत नाही. तरीही निघायच्या आधीचे चार-पाच दिवस ते वाचले तर नवा बर्फ कधी, किती पडला याचा अंदाज येतो. वाटेवर गेल्यावर उरतात डोळे, गावातला माणूस आणि उताराचा कोन.

हा कोन मोजायला आता वेगळं यंत्र लागत नाही, फोनमध्ये सोय असते. या वर्षी पावसाळा सरताना डिसेंबरात वर जाणाऱ्या सात-आठ मुलामुलींना घेऊन मी टावलीच्या डोंगरावर गेलो. एका गवताळ उतारापुढे उभं करून प्रत्येकाला विचारलं, किती अंश असेल? कुणी पंचेचाळीस म्हणालं, कुणी पन्नास, एकजण साठ. मग एका काठीवर फोन ठेवून ती उतारावर टेकवली. तेहतीस. घरातल्या जिन्याचा उतार जवळपास एवढाच असतो. त्या तेहतीस अंशांवर ठाकरवाडीतली गुरं आरामात चरत होती. "सर, एवढ्यावरून पण बर्फ सुटतो?" एका मुलीने विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता ती शेजारच्या उताराकडे फोन घेऊन गेली.